पांढऱ्या फुलाची चौकशी

“हे इथलं नाही, हे त्याच्याकडे बघून कुठे कळतं?” असं त्या मुलाने विचारलं. उत्तरादाखल त्याला जे सांगितलं गेलं ते सगळं खरं होतं, पण त्याच्या प्रश्नाचं उत्तर ते नव्हतं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात एका राखीव प्रेअरीवर, म्हणजे गवताळ माळावर, आम्ही काही जण शनिवारी सकाळी तण काढायला जातो. जून सरताना माळ कमरेएवढा वाढलेला असतो, दवाने पॅन्टचे पाय गुडघ्यापर्यंत ओले होतात आणि हातमोज्यांना मातीचा वास कायमचा चिकटलेला असतो. आमच्या गटप्रमुख बाई निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका. त्यांनी एक उंच, फांदीदार झाड मुळासकट वर धरलं आणि म्हणाल्या, “पांढरं स्वीट क्लोव्हर. दिसेल तिथे उपटायचं.” तो मुलगा कॉलेजातला, पहिल्यांदाच आलेला. त्याने झाड हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि हा प्रश्न विचारला. बाईंनी पानाची कड दाखवली, फुलाचा तुरा दाखवला, शेंग नखाने फोडून दाखवली. त्याने मान हलवली आणि कामाला लागला. सगळे पांगले. मला मात्र दिवसभर तो प्रश्न सोडेना. त्याला झाड ओळखायला शिकवलं गेलं होतं. त्याने विचारलं होतं वेगळंच.

ओळखायला तसं हे झाड अवघड नाही, आणि ओळखताना मजाही येते. माझं लक्ष आधी पानाकडे गेलं होतं, कारण पान हुबेहूब मेथीचं. तीन दलं, कडेला बारीक दाते, मधल्या दलाला जरासा लांब देठ. हे साम्य वरवरचं नाही. मेथी आणि हे झाड वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानेही अगदी जवळचे भाऊबंद आहेत. मधल्या दलाचा तो देठ लक्षात ठेवण्याजोगा असतो, कारण लॉनमध्ये रांगणाऱ्या नेहमीच्या पांढऱ्या क्लोव्हरची तिन्ही दलं एका बिंदूतून निघतात आणि त्याची फुलं गेंदासारखी गोल जमतात. लसूणघासाचं पानही असंच, पण त्याचे दाते टोकाकडच्या भागातच असतात. इथे ते बरेच खाली उतरतात. आणि मग फूल. नुसत्या डोळ्यांना ते पांढरा ठिपका वाटतं, जेमतेम ४-५ मिलिमीटर. पण भिंग लावलं की त्या ठिपक्यात वाटाण्याच्या कुळाचा सगळा थाट दिसतो. वर उभी पताका, दोन बाजूंना पंख, खाली दोन पाकळ्या जुळून झालेली नौका, आणि त्या नौकेच्या पोटात दहा पुंकेसर, नऊ एकमेकांना जोडलेले आणि एक सुटा. एवढ्याशा जागेत एवढी व्यवस्था! मधमाशी नौकेवर बसली की तिच्या वजनाने नौका खाली दबते आणि आतले केसर तिच्या अंगाला लागतात. अशी पन्नासेक फुलं एका सडपातळ तुऱ्यात खालून वर उमलत जातात. खालच्या फुलांच्या शेंगा धरलेल्या असतात तेव्हा वरच्या कळ्या अजून हिरव्या असतात. शेंग तर शेंग वाटतच नाही. तीन-चार मिलिमीटरची गोटी, वर जाळीसारख्या रेषा, आत बहुधा एकच बी.

पहिल्या वर्षी यातलं काहीच नसतं. फक्त पानं आणि जमिनीत खोल जाणारं सोटमूळ. दुसऱ्या वर्षी त्या मुळातला सगळा साठा वापरून ते दीड-दोन मीटर उंच होतं, फुलतं, बिया टाकतं आणि मरतं. पहिल्या वर्षीचं रोप गवतात शोधायचं तर गुडघ्यांवर बसावं लागतं.

या वर्णनात परकेपणाची खूण कुठेही नाही.

उलट, त्याच माळावर पांढऱ्या फुलांचे, याच कुळातले अस्सल स्थानिक रहिवासीही आहेत, आणि नवख्या माणसाची खरी पंचाईत तिथे होते. पांढरं प्रेअरी क्लोव्हर, म्हणजे डेलिया कँडिडा, हे हजारो वर्षांपासून इथलं. त्याची पानं पाच-सात अरुंद दलांची, कड गुळगुळीत, आणि फुलांचा दंडगोल. त्या दंडगोलाभोवती पांढऱ्या फुलांचं कडं खालून वर सरकत जातं. दुसरं पांढरं वाइल्ड इंडिगो, बाप्टिसिया अल्बा. त्याला तीनच दलं, त्यामुळे घाईत घोटाळा होऊ शकतो. पण दलांना दाते नसतात, खोडावर निळसर मेणचट झाक असते आणि फूल जवळजवळ अडीच सेंटिमीटरचं, टपोरं. शेंगा फुगून नंतर काळ्याठिक्कर पडतात. शिवाय दक्षिणेकडच्या माळांवर सेरिसिया लेस्पेडेझा नावाचं चौथं एक आहे. पूर्व आशियातून आलेलं, जमिनीची धूप थांबवावी म्हणून मुद्दाम पेरलेलं आणि मग आवरेनासं झालेलं. त्याची फुलं सायीच्या रंगाची, आत जांभळ्या रेषा. म्हणजे पांढऱ्या फुलांची, वाटाण्याच्या कुळातली चार झाडं घेतली तर दोन घरची, दोन बाहेरची, आणि रंग, आकार, दलांची संख्या, कशावरूनही ती बाजू वाटून घेता येत नाही. दात्यांवरून झाडाचं नाव कळतं. ते कुठून आलं हे ज्याला आधीच माहीत आहे त्यालाच कळतं.

आणि स्वीट क्लोव्हरच्या बाबतीत जे माहीत आहे ते फार गुंतागुंतीचं आहे. युरोप-आशियातलं हे झाड युरोपीय वसाहतींबरोबर या खंडात आलं. बराच काळ ते रस्त्याकडेचं, रेल्वेच्या भरावावरचं तण होतं, शेतकरी त्याला नाक मुरडत. मग लक्षात आलं की ज्या खडकाळ, दमलेल्या जमिनीत दुसरं काही धड उगवत नाही तिथे हे जोमाने येतं. त्याच्या मुळांच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडून मातीत आणतात. त्या जिवाणूच्या शास्त्रीय नावातही हेच झाड आहे, सायनोरायझोबियम मेलिलोटी. मधमाशा पाळणाऱ्यांना तर ते दैवतासमान. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांत उत्तरेकडच्या मैदानी प्रदेशात ते चारा आणि हिरवळीचं खत म्हणून एकरच्या एकर पेरलं गेलं. अलास्कात १९१३ साली चारापीक म्हणून त्याची चाचणी घेतली, आणि आज तिथल्या काही नद्यांच्या वाळवंटांवर त्याच्या पांढऱ्या रांगा उभ्या आहेत. तेव्हा हे झाड कुंपणाखालून चोरून घुसलेलं नाही. त्याला बोलावणं धाडलं होतं, खुर्ची दिली होती.

इथे कोणी म्हणेल, आता स्थलांतरितांवर येणार. मी येणार नाही. समुद्र ओलांडून राहायला आलेल्या माझ्यासारख्या बाईने माळावरचं परकं झाड बघितलं की ती उपमा आपोआप जिभेवर येते आणि ऐकणाऱ्यालाही गोड वाटते, म्हणूनच ती टाळावी. माणूस कुठून आला यावरून तो शेजाऱ्यांचं ऊन अडवेल का, हे ठरत नाही. या झाडाच्या बाबतीत मात्र ते मोजता येतं. दोन मीटरच्या दाट झाडोऱ्याखाली डेलियाची गुडघाभर रोपटी पिवळी पडतात. ज्या मातीला नायट्रोजनची सवय नाही, जिथली झाडं उपासाला सरावलेली आहेत, तिथे ती माती सुपीक होणं हाच तोटा ठरतो. उपमेला हे सगळं दिसत नाही. झाडावर माणसाचा कळवळा लादला की झाडही नीट दिसत नाही आणि माणूसही.

पण त्याचा वास! ताजं असताना फारसं जाणवत नाही. उपटून ढीग घातला आणि दुपारचं ऊन लागलं की ढिगातून एक गोडसर वास उठायला लागतो. नुकतंच कापलेलं गवत, थोडी व्हॅनिला, आणि तळाशी एक कडवट धागा. हा झाडातल्या कुमारिन नावाच्या द्रव्याचा वास. संध्याकाळी माझ्या गाडीत, बुटांत, केसांत तोच. दर वेळी त्या वासाने बरं वाटतं आणि दर वेळी मला माहीत असतं की याच वासापासून सुरू झालेल्या गोष्टीत पुढे पुष्कळ रक्त आहे.

१९२०च्या सुमारास उत्तर अमेरिकेतल्या थंड प्रदेशांत गुरं विचित्र तऱ्हेने मरू लागली. शिंगं काढताना किंवा खच्ची करताना झालेल्या साध्या जखमेतून रक्त थांबेना. काहींना जखमही नव्हती, आतल्या आतच रक्तस्राव. कॅनडात फ्रँक स्कोफील्ड या पशुवैद्याने दाखवून दिलं की दोष स्वीट क्लोव्हरच्या बुरसटलेल्या गवतात आहे. चांगल्या काड्या खाल्लेले ससे ठणठणीत राहिले, बुरशी लागलेल्या काड्या खाल्लेले मेले. पुढे नॉर्थ डकोटात ली रॉडरिक यांनी शोधलं की अशा गुरांच्या रक्तात गोठायला लागणारं प्रोथ्रोम्बिन कमी पडतं. उपाय साधा होता, ते गवत घालू नका. पण ज्याच्या कोठारात हिवाळ्यापुरतं तेवढंच गवत आहे, त्याने काय घालायचं?

असाच एक शेतकरी एड कार्लसन. फेब्रुवारी १९३३, शनिवार, हिमवादळ चालू. विस्कॉन्सिनमधल्याच डीअर पार्क गावाहून हा माणूस जवळजवळ ३०० किलोमीटर गाडी हाकत मॅडिसनला आला. गाडीत मेलेली कालवड, दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त आणि बुरसटलेल्या गवताचा भारा. सरकारी पशुवैद्याचं कार्यालय बंद होतं. फिरत फिरत तो विद्यापीठात जीवरसायनशास्त्राच्या कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत पोचला. लिंक त्याला तेच सांगू शकले जे त्याला माहीत होतं: हे गवत बंद करा, जमलं तर चांगल्या जनावराचं रक्त चढवा. कार्लसन परत गेला, पण कॅन प्रयोगशाळेत राहिला. मला या प्रसंगात लिंकपेक्षा कार्लसनचंच जास्त वाटतं. पुढे शोध लागला, पेटंट झाली, भाषणं झाली. त्या रात्री बर्फातून परत जाताना त्याच्या हातात फक्त एक नकार होता आणि गोठ्यात उरलेली गुरं उपाशी उभी होती.

त्या कॅनमधल्या रक्ताचं कोडं सुटायला सहा वर्षं लागली. १९३९ मध्ये लिंक यांच्या गटातल्या हॅरॉल्ड कॅम्पबेल यांनी बुरसटलेल्या गवतातून त्या द्रव्याचे स्फटिक वेगळे केले, डायकुमारोल. कुमारिन स्वतः रक्त पातळ करत नाही. बुरशी त्याच्यावर काम करते आणि त्यातून हे तयार होतं. शरीरात व्हिटॅमिन के पुन्हा पुन्हा वापरलं जातं. हे द्रव्य तो फेरा अडवतं, मग यकृताला रक्त गोठवणारी प्रथिनं धड बनवता येत नाहीत. त्याच घराण्यातलं जास्त तिखट द्रव्य १९४८ मध्ये उंदरांचं विष म्हणून बाजारात आलं, वॉर्फरिन. १९५४ मध्ये ते माणसांसाठी औषध म्हणून मान्य झालं आणि १९५५ मध्ये हृदयविकाराच्या झटक्यानंतर अध्यक्ष आयझेनहॉवर यांनाही दिलं गेलं.

माझ्या आत्याला दर संध्याकाळी ती गोळी घ्यावी लागते. हृदयातली झडप बदलून बरीच वर्षं झाली. धातूची झडप आत टिकटिक करते, शांत खोलीत शेजारी बसलं तर ऐकू येते. रक्त फार पातळ झालं तर धोका, फार घट्ट झालं तर झडपेवर गुठळी, म्हणून ठरावीक दिवसांनी तपासणी आणि पालेभाजीवर लक्ष. भाजी बंद नाही करायची, पण आज ढीगभर आणि उद्या अजिबात नाही असंही चालत नाही. तिला फोनवर सांगितलं, “आत्या, मी दर शनिवारी उपटते ना, ते झाड तुझ्या गोळीचं पणजोबा आहे.” ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “आणि तू उपटून टाकतेस?” मी म्हटलं, हो, इथे ते नकोय. “बरं,” ती म्हणाली, “पण हातात मोजे घाल गं बाई. मला खरचटलेलं महागात पडतं, तुझं तू बघ.” मोजे मी घालतेच. कुमारिनसाठी नाही, कमरेसाठी घालायचं असतं खरं तर काहीतरी, पण तसले मोजे मिळत नाहीत.

उपटण्याचंही एक शास्त्र आहे. पाऊस पडून गेल्यावर माती मऊ असते, तेव्हा दुसऱ्या वर्षीचं झाड बुंध्याशी दोन्ही हातांनी धरून सरळ वर ओढायचं. सोटमूळ अर्धवट तुटून खालचा कोंब राहिला तर मेहनत फुकट. फुलावर आलेलं झाड अगदी खालून, शेवटच्या पानाच्याही खाली कापलं तर मरतं. पहिल्या वर्षीचं कापून मरत नाही, मुळाच्या डोक्यावरून पुन्हा फुटतं. बी धरायच्या आत उरकायला हवं, कारण बी कठीण कवचाचं असतं आणि मातीत दशकानुदशकं जिवंत राहू शकतं. मी जे उपटते त्यातली कित्येक झाडं मी इथे येण्याआधी, कदाचित मी जन्मायच्याही आधी सांडलेल्या बियांतून उगवलेली असू शकतात. आणि प्रेअरीचं सगळ्यात जुनं औषध, म्हणजे आग, तीही इथे उलटते. वसंतात माळ जाळला की बिग ब्लूस्टेमसारखी स्थानिक गवतं तरारून येतात, पण याच आगीने स्वीट क्लोव्हरच्या बियांची कवचंही तडकतात आणि ती हजारोंनी रुजतात. मॅडिसनच्या विद्यापीठाच्या आर्बोरेटममध्ये, म्हणजे वनस्पती उद्यानात, १९३० च्या दशकापासून प्रेअरी पुन्हा उभी करण्याचं काम चाललं आहे. तिथल्या प्रयोगांतून एक चतुर क्रम निघाला: एका वर्षी एप्रिलमध्ये जाळायचं, बियांना मुद्दाम उठवायचं, आणि पुढच्या वर्षी मे महिन्यात, दुसऱ्या वर्षीची रोपं वर आलेली असताना, पुन्हा जाळायचं. हे आर्बोरेटम १९३४ मध्ये सुरू झालं. म्हणजे त्याच विद्यापीठात, एकाच काळात, एका इमारतीत लोक या झाडाच्या वाळल्या काड्यांतून औषध काढत होते, आणि थोड्या अंतरावर दुसऱ्यांच्या डोक्याला हे जिवंत झाड ताप द्यायला लागणार होतं. दोन्ही मंडळींना या झाडाबद्दल जे वाटत होतं ते त्यांच्या कामापुरतं बरोबर होतं. मला दोन्ही एकदम वाटतं, आणि त्याने उपटायचा वेग जरा कमी होतो एवढंच.

तो मुलगा नंतरही येत राहिला. एकदा त्याने पिवळं स्वीट क्लोव्हर आणलं आणि विचारलं, रंग सोडला तर या दोघांत फरक काय? हा प्रश्न मोठमोठ्यांना पडलेला आहे. मेडिकस या जर्मन वनस्पतिज्ञाने १७८७ मध्ये पांढऱ्याला वेगळं नाव दिलं, तरी पुढे काहींनी दोघांना एकाच जातीत घातलं. भिंगाखाली फरक आहे: पांढऱ्यात पताका पंखांपेक्षा लांब, पिवळ्यात दोन्ही जवळजवळ सारखे. पांढऱ्याच्या शेंगेवर जाळी, पिवळ्याच्या शेंगेवर आडव्या वळ्या. पिवळं थोडं आधी फुलतं. पण झाड दाबून वाळवलं की पिवळा रंग उडतो आणि जुन्या कागदांवर दोन्ही सारखीच फिकट दिसतात. विद्यापीठाच्या हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या झाडांच्या संग्रहात, जो १८४९ पासून चालू आहे, मी असे कागद पाहिले आहेत. तपकिरी काड्या, गळून पाकिटात ठेवलेली फुलं, आणि कोपऱ्यात चिठ्ठी: कुठे, कधी, कोणी, कसल्या जमिनीत. झाड काही बोलत नाही, चिठ्ठी बोलते. एकोणिसाव्या शतकात जहाजं तोल राखण्यासाठी परदेशातली दगडमाती भरून आणत आणि बंदराशी ओतत. त्या ढिगांवर काय उगवतंय ते फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्कजवळचे वनस्पतिज्ञ १८७०-८० च्या सुमारास हिंडून टिपत होते. अमुक झाड कधी आणि कुठून आलं, याचा पुरावा अशा चिठ्ठ्यांच्या कोपऱ्यांत साठत गेला. मुलाने जे झाडावर शोधलं, ते तिथे होतं.

म्हणून यंदा माझ्या ढिगातून एक फांदी बाजूला काढली. वर्तमानपत्रात नीट पसरली, एक पान उलटं ठेवलं म्हणजे खालची बाजूही दिसेल, खालच्या शेंगा आणि वरच्या कळ्या दोन्ही राहतील अशी बेतली. चिठ्ठीवर गाव, तारीख, उतार, वाळूमिश्रित माती, उंची लिहिली. मग बाईंना दाखवली. त्यांनी चष्मा वर सरकवून वाचली आणि पेन्सिल माझ्या हातात परत दिली. “फुलाचा रंग लिही. नाहीतर शंभर वर्षांनी लोक भांडत बसतील. आणि शेजारी काय काय उगवलं होतं तेही लिही. ते सगळे विसरतात.”

मी पाठीमागे जाऊन पुन्हा तो खड्डा शोधला आणि आजूबाजूला पाहून लिहिलं: फुलं पांढरी, सोबत डेलिया कँडिडा, बिग ब्लूस्टेम, आणि पहिल्या वर्षीची याचीच पुष्कळ रोपं.